गळती, वाटणी आणि माफीची दुआ

श्रोतेहो, अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार.

शब-ए-बरात, म्हणजे माफी मागायची रात्र, जवळ आली की आमच्या ठाण्याजवळच्या मुंब्रा-कौशात मोबाईलला उसंत नसते. ‘कळत-नकळत दिल दुखावलं असेल तर अल्लाहच्या वास्ते माफ करा’ हा निरोप गुलाबाच्या फुलासकट शाळेच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो, केबलवाल्याकडूनही येतो. ज्याच्याशी खरोखर बिनसलंय त्याला मात्र तो जात नाही. एकतर त्याचा नंबर ब्लॉक केलेला असतो, नाहीतर बोट नेमकं त्याच्याच नावावरून पुढे सरकतं. मनात अढी धरून बसलेल्याची माफी या रात्री अडून राहते, असं वडीलधारे सांगत आले, म्हणून ही सगळी धावपळ. पण अढी ज्या एका घराशी आहे ते घर सोडून बाकी गावाची माफी मागायची, हा हिशेब मला काही उमगत नाही.

अढीसाठी कुरआनात एक दुआ, म्हणजे प्रार्थना, आहे. सूरा म्हणजे अध्याय, आयत म्हणजे वचन; सूरा हश्र, म्हणजे एकोणसाठावी सूरा, तिची दहावी आयत. तिचा मतलब असा: ‘हे आमच्या रब, आम्हाला माफ कर, आमच्या आधी ईमान, म्हणजे श्रद्धा, आणलेल्या आमच्या भावांनाही माफ कर, आणि ईमानवाल्यांबद्दल आमच्या मनात आकस राहू देऊ नकोस.’ इथं ‘आकस सोडा’ असा हुकूम नाही. तो काढून टाक म्हणून मागणं आहे. माणसाला हे एकट्यानं जमायचं नाही, हे गृहीतच धरलेलं आहे.

ही दुआ कुठे येते तेही बघा. सहाव्या-सातव्या आयतीपासून विषय चाललाय मालमत्तेचा. लढाई न करता हाती आलेली मालमत्ता कुणाकुणाला द्यायची? आठव्या आयतीत येतात मक्केहून घरंदारं सोडून यावं लागलेले गरीब मुहाजिर. नवव्या आयतीत येतात मदिनेचे मूळ रहिवासी, अन्सार. आलेल्यांना काही मिळालं तर हे मनात कुढत नाहीत, स्वतःला नड असली तरी त्यांना पुढे करतात. आणि लगेच दहावीत, त्यांच्यानंतर येणाऱ्यांच्या तोंडी, ही दुआ. म्हणजे आकसाचा विषय निघतो तो वाटणीच्या ओघात. निघणारच. माणसांची मनं आणखी कुठे इतकी फाटतात?

आमच्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी कुटुंबं मुंब्रा-कौशात आली. इथली जुनी कोकणी घरं होती, त्यांच्या आजूबाजूला बघता बघता इमारती उभ्या राहिल्या. जुने म्हणायचे, ‘यांच्यामुळे आमच्या नळाला पाणी नाही.’ नवे म्हणायचे, ‘हे गाववाले आम्हाला आपल्यात धरत नाहीत.’ दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि जुम्म्याला दोघं नमाजच्या एकाच सफेत, रांगेत, उभे असायचे.

आता पैगंबरांचे जवळचे साथी हजरत अबू बक्र यांचा किस्सा. त्यांच्या लेकीवर, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांवर, मदिनेत बदफैलीचा खोटा आळ आला. तो पसरवणाऱ्यांत मिस्तह नावाचा त्यांचाच एक नातेवाईक होता. गरीब माणूस, त्याचा खर्च अबू बक्रच चालवत. ज्याचं घर आपल्या पैशांवर चालतं त्यानंच आपल्या मुलीबद्दल असं बोलावं! आयशा निर्दोष असल्याचं कुरआननंच जाहीर केल्यावर अबू बक्रांनी शपथ घेतली, यापुढे याला एक पैसा नाही. कुणीही हेच केलं असतं. तेव्हा सूरा नूरची बाविसावी आयत आली: माफ करावं, सोडून द्यावं, ‘अल्लाहनं तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का?’ अबू बक्र म्हणाले, वाटतं, का नाही वाटणार! आणि मिस्तहचा खर्च पुन्हा सुरू केला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मिस्तहला मिठी मारा असं त्यांना कुणी सांगितलं नाही. बंद केलेले पैसे चालू झाले, माफी ती. आणि खोटा आळ घेणाऱ्याला शिक्षा सांगणारी आयतही याच सूरेत आहे, चौथी. माफी दिली म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

यासाठीच एखाद्या पोरीला सासरी मारहाण होते आणि चार बायका तिला घेरून ‘अल्लाहच्या वास्ते माफ कर’ म्हणतात, तेव्हा मला संताप येतो. सूरा शूराच्या चाळिसाव्या आयतीत झाल्या अन्यायाइतकी भरपाई घ्यायचा हक्क आधी सांगितलाय, माफीचा मोठेपणा त्यानंतर. तो मोठेपणा तिचा तिनं दाखवायचा, शेजारणींनी नव्हे.

माफी मागणाऱ्याचं काम त्याहून अवघड. माणसाचं माणसाकडे जे देणं असतं, हुकूक-उल-इबाद, ते नुसत्या तौबेनं, अल्लाहपुढच्या पश्चात्तापानं, फिटत नाही. पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी सांगितलंय, की कयामतच्या दिवशी खरा कंगाल तो, जो नमाज-रोजे घेऊन येईल, पण ज्यांना शिव्या दिल्या, ज्यांचा पैसा खाल्ला, त्यांना देता देता त्याची सगळी पुण्याई संपेल.

कौशातल्या एका इमारतीत वडिलांचं घर विकून आलेल्या पैशांत दोन भावांनी वर-खाली फ्लॅट घेतले. थोरल्याची नहाणी धाकट्याच्या ओट्यावर गळायची. धाकटीनं, धाकट्याच्या बायकोनं, गॅसशेजारी पातेलं ठेवलेलं, भिंतीचे पोपडे डाळीत पडायचे. बोलणं बंद. थोरला हजला निघाला, रिवाजाप्रमाणे दारोदार ‘कहा-सुना माफ’ करत खालीही यायला लागला, तेव्हा मशिदीतल्या मौलानांनी त्याला अडवलं: ‘आधी नहाणी, मग माफी.’ लाद्या उखडल्या, पाइप बदलला, नवं वॉटरप्रूफिंग झालं. मग तो खाली गेला. धाकटी म्हणाली, ‘भाईजान, यंदाचा पावसाळा जाऊ द्या. थेंब पडला नाही तर माफ.’ मला तिचं उत्तर अगदी रास्त वाटलं.

आणि ज्यांचं अजून तोंडसुद्धा बघवत नाही, त्यांचं काय? सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे, की आपल्या भावासाठी कुणी त्याच्या पाठीमागे दुआ मागितली, तर फरिश्ता म्हणतो, आमीन, आणि तुलाही तेच मिळो. तेव्हा हश्रची ती दुआ मागताना त्या माणसाचं नाव घेऊन मागा. त्याला ते कळवायची गरज नाही.

खुदा हाफिज. नमस्कार.