सात दिवस उसने

(दृश्य: पहाट. पडवीचा अंधारा कोपरा. जुन्या टोपलीत पेंढ्यावर अंग पसरून बसलेली तांबडी गावठी कोंबडी.)

हिला हात लावायला जाऊ नका. बोट पुढे केलं की पिसं फुलतात, गळ्यातून घरघर निघते आणि मग चोच बसते. चार दिवसांपूर्वी हीच कोंबडी माणूस दिसला की कुंपणापलीकडे पळत होती. आता ती खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे.

खुडूक कोंबडी अंडी देत नाही, म्हणून पुष्कळ घरांत तिची खुडुकी मोडतात. कुणी पाण्यात बुचकळतं, कुणी नाकपुडीतून पीस ओवतं. सिंधुदुर्गातल्या या घरी मात्र शिमग्याच्या आधीपासून कुठली कोंबडी खुडूक होते, यावर काकूंचं लक्ष असतं. परसात पाच बदकं आहेत. अंडी भरपूर देतात आणि जिथे दिली तिथेच टाकून ओहोळावर निघून जातात. ती अंडी उबवायला कोंबडीच हवी.

दोष बदकांचा नाही. ही खाकी कॅम्पबेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी ही जात तयार केली. चांगली मादी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. जी बसते ती तेवढे दिवस अंडी देत नाही. म्हणून न बसणाऱ्या माद्यांचीच पिल्लं पिढ्यान् पिढ्या निवडत गेलो, आणि आईपण त्या निवडीत गळून गेलं. आपणच घालवलं, आता आपणच कोंबडीकडे उसनं मागतो.

(दृश्य: रात्र. कंदिलाचा उजेड. काकू कोंबडीच्या पोटाखाली हात घालताहेत.)

अंडी रात्री ठेवायची. अंधारात कोंबडी भांडत नाही. दोन दिवस काकूंनी तिच्याखाली साधी अंडी ठेवून तिची परीक्षा घेतली. उठली नाही, तेव्हा ती अंडी काढून बदकाची ठेवली. गावठी कोंबडी स्वतःची दहा-बारा अंडी सहज झाकते. बदकाचं अंडं तिच्या अंड्याच्या जवळजवळ दीडपट, म्हणून इथे सातच. आठवं ठेवायचा मोह होतो. पण कडेचं अंडं उघडं पडतं, कोंबडी ते आत ओढते, मग दुसरं कडेला येतं, आणि असं फिरत फिरत सगळीच गार पडतात.

आणि सगळी एकाच रात्री. त्यात कोंबडीची अंडी मिसळायची नाहीत. कोंबडीचं पिल्लू 21 दिवसांत बाहेर येतं, बदकाचं 28. एकविसाव्या दिवशी चार पिल्लं चिवचिवू लागली, की कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि बदकाची अंडी तशीच राहतात. मिसळायचीच असतील तर कोंबडीची अंडी आठवड्याने ठेवावी लागतात.

सातव्या रात्री काकू मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरून बघतात. पाच अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा. दोन नुसती पिवळी. ती बाजूला निघाली.

(दृश्य: दुपार. कोंबडी टोपलीतून उठते, खळ्यात राखेत लोळते.)

दिवसातून एकदाच ती उठते. पंधरा-वीस मिनिटं. दाणे, पाणी, राखेत लोळणं आणि एक भलीमोठी विष्ठा. मग पुन्हा आत. बदकी स्वतः बसली असती तर पाण्यातून ओल्या पिसांनी परत आली असती, त्या ओलाव्याने कवचाच्या आतला पापुद्रा सुकला नसता. कोंबडीला पाण्याचं वावडं. म्हणून शेवटच्या आठवड्यात काकू ती उठली की अंड्यांवर कोमट पाणी शिंपडतात. मोठी अंडी तिला नीट उलथता येत नाहीत, त्यामुळे दिवसातून दोनदा तेही काम त्यांचंच. ओळखीसाठी प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला कोळशाची खूण.

एकविसावा दिवस येतो आणि जातो.

इथून पुढच्या सात दिवसांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कोंबडीला दिवस मोजता येत नाहीत. पोटाखालून पिल्लांचा आवाज आणि हालचाल जाणवेपर्यंत तिच्या रक्तातलं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तिला बसवून ठेवतं. पण अंगाला चौथा आठवडा कळतो. तुरा फिका पडलाय, छातीचं हाड हाताला लागतं. म्हणून काकू दाणे-पाणी टोपलीजवळ आणून ठेवतात आणि पिसांत बारीक उवा झाल्यात का, ते चाळून बघतात. बसलेली कोंबडी उवांनीच हैराण होऊन उठते.

सव्विसाव्या दिवशी एका कवचाला बारीक भेग पडते. आतून चीं-चीं, वरून कोंबडीचं हलकं कुर्र-कुर्र. भेग पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बदकाचं पिल्लू दीड-दोन दिवसही घेतं. शेजारची मुलगी कवच सोलायला निघाली होती, काकूंनी हात धरला. आतल्या रक्तवाहिन्या मिटायच्या असतात.

(दृश्य: पाच गडद तपकिरी पिल्लं. चपटी चोच. कोंबडी एकेकाकडे मान वाकडी करून बघते.)

कोंबडी पिल्लांना हाका मारते आणि ती मागे चालतात. हे वाटतं तितकं साधं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट गॉटलीब यांनी यंत्रात उबवलेल्या, कुठल्याच आईचा आवाज न ऐकलेल्या बदकपिल्लांना दोन हाका ऐकवल्या, एक बदकीची आणि एक कोंबडीची. पिल्लं बदकीच्या हाकेकडे गेली. मग त्यांनी अंड्यातच काही पिल्लं मुकी करून एकेकटी ठेवली, तेव्हा ही ओळख ढासळली. बदकीची हाक ओळखायला पिल्लू अंड्यात स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकून शिकत होतं. या पाचांच्या कानातही ती हाक ओळखायची तयारी आहे, फक्त ती मारणारं इथे कुणी नाही. मग जी आहे, तिच्या मागे.

खाण्याचं वेगळं आहे. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, कमी पडलं की पाय वाकतात. घरच्या भाताचा कोंडा भिजवून दिला तर त्यात ते भरपूर असतं. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड मात्र चुकूनही नको. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, बदकाची पिल्लंही त्यात होती.

(दृश्य: ओहोळाचा काठ. पिल्लं पाण्यात. कोंबडी दगडावर.)

पहिले तीन-चार आठवडे काकूंनी फक्त चोच बुडेल एवढं पाणी ठेवलं होतं. बदकी पिल्लांना पोटाखाली घेते तेव्हा तिच्या पिसांचं तेल त्यांना लागतं. कोंबडी ते देऊ शकत नाही, लव भिजते आणि पिल्लू गारठतं.

आज पहिल्यांदा सोडली. पाचही थेट पाण्यात. कोंबडी काठाने इकडून तिकडे धावते, पंख पाडते, ओरडते. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सिसेरो या वक्त्या-लेखकाने नेमकी हीच गोष्ट लिहून ठेवली आहे, कोंबडीखाली उबवलेली बदकं पाणी दिसताच तिला सोडून जातात म्हणून.

त्याने पुढचे दिवस पाहिले होते का, कोण जाणे. चौथ्या दिवशी तिचं धावणं थांबतं. पिल्लं पाण्यात उतरली की ती काठाची माती उकरते, गांडूळ सापडलं की टुक-टुक हाक मारते. पिल्लं पोहत येतात, गांडूळ गिळतात, परत जातात.

मृगापर्यंत ती शेतात उतरायला तयार होतील. तोवर कोंबडी पुन्हा अंड्यावर आलेली असेल.