गुरूच्या वाटेवर अडकलेली छत्री

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे गुरू ग्रहाकडे गेलेल्या गॅलिलिओ यानाबद्दल. पण सुरुवात छत्रीपासून करतो. माझा नाइलाज आहे. ही गोष्ट मी आजवर ज्याला सांगितली त्याला छत्रीपासूनच सांगितली. आमच्या घरी तर ‘आता छत्री निघणार’ म्हणत एकेकजण चहा टाकायला उठतो. तुम्हीही चहा टाकून या हवं तर, रेडिओ स्वयंपाकघरात ऐकू येतो.

आमच्या आळीच्या तोंडाशी, मृगाच्या आधी आठेक दिवस, एक छत्रीवाला येऊन बसायचा. पुढ्यात गोणपाट, त्यावर जुन्या छत्र्यांच्या काड्या, तारेचं भेंडोळं, पक्कड आणि मशीनच्या तेलाची कुपी. माळ्यावर आठ महिने पडलेली छत्री त्याच्या हातात दिली, की तो ती आधी उघडायचाच नाही. उलटी धरायचा, काड्यांच्या सांध्यांवर तेलाचा एकेक थेंब सोडायचा, बिडी पेटवायचा आणि बिडी संपल्यावर छत्रीला हात लावायचा. मला म्हणायचा, “कोरडी असताना ओढायची नाय. एक काडी अडली की बाकीच्या सात तिच्यापायी वाकड्या होतात.” छत्रीला काड्या आठ. आठ काड्या, लक्षात ठेवा. गॅलिलिओच्या छत्रीला अठरा होत्या.

आणि हो, हल्लीच्या त्या तीन घड्यांच्या छत्र्या मला मुळीच पटत नाहीत. बटण दाबलं की समोरच्याच्या चष्म्यावर उघडतात आणि पहिल्या वाऱ्याला उलट्या होतात. लांब दांड्याची काळी छत्री ती छत्री. पाऊस नसेल तेव्हा काठी म्हणून चालते, कुत्रं अंगावर आलं तरी उपयोगी पडते. असो.

तर गॅलिलिओ. अमेरिकेच्या नासानं १८ ऑक्टोबर १९८९ रोजी अटलांटिस या स्पेस शटलमधून सोडलेलं यान. गुरूकडे त्याच्याआधी पायोनियर गेली होती, व्हॉयेजर गेली होती. पण ती सगळी दारावरून पुढे गेली. पाहुण्यानं चपला न काढता ‘येतो हं’ म्हणावं, तशी. गॅलिलिओ मुक्कामाला जाणार होतं, गुरूभोवती वर्षानुवर्षं फिरत राहणार होतं. मुक्काम म्हटला की माहिती भरपूर, आणि भरपूर माहिती पाठवायची तर अँटेना मोठा हवा. हा होता ४.८ मीटर व्यासाचा. एवढी परात शटलच्या पोटात मावेना. मग त्यांनी काय केलं? मिटणारा अँटेना केला. मधे खांब, भोवती अठरा काड्या, काड्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक तारांची जाळी. मिटून न्यायचा, वर गेल्यावर उघडायचा. म्हणजे छत्रीच ना ही?

आता नीट ऐका, कारण खरी गोम अंतराळात नाही, रस्त्यावर आहे. यान तयार झालं कॅलिफोर्नियात, पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत. उडायचं होतं फ्लोरिडातून, मे १९८६ मध्ये. म्हणून १९८५ च्या अखेरीस ते ट्रकवर लादून अमेरिकेच्या या टोकाहून त्या टोकाला नेलं. खेप पहिली. तोवर २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर शटलचा स्फोट झाला, सात अंतराळवीर गेले, सगळी उड्डाणं थांबली. यान परत पासाडेनाला. खेप दुसरी. १९८९ मध्ये पुन्हा फ्लोरिडा. खेप तिसरी. एकेक खेप चार हजार किलोमीटरच्या घरातली. आणि या सगळ्या काळात छत्री मिटलेली. काड्या खांबाला टेकलेल्या, त्यांच्या छोट्या पिना खोबणीत बसलेल्या. पिनांवर वंगणाचा कोरडा थर होता. ओलं तेल पोकळीत टिकत नाही, म्हणून कोरडा. ट्रक हादरला की पिन खोबणीत घासणार. हादरला की घासणार. थर झिजत गेला. बरं, हे तिकडचे गुळगुळीत हमरस्ते. आमच्या इथल्या घाटातून नेलं असतं तर काड्या मोजायला उरल्या नसत्या! पण तो विषय काढला तर आजचा कार्यक्रम त्यातच जाईल.

उडण्याआधी कुणी तो थर पुन्हा चढवला नाही. कुपी कुणी काढलीच नाही.

त्यात आणखी एक भर. चॅलेंजरच्या अपघातानंतर, यानाला गुरूकडे सरळ ढकलू शकणारं ताकदीचं रॉकेट शटलमधून न्यायला मनाई झाली. मग वाट कशी? आधी आत शुक्राकडे, मग पृथ्वीपाशी, दोन वर्षांनी पुन्हा पृथ्वीपाशी, आणि मग गुरू. दर वळणावर त्या ग्रहाच्या ओढीनं वेग वाढवून घ्यायचा. शुक्राजवळ ऊन कडक, जाळी पोळू नये म्हणून छत्री मिटलेलीच ठेवायची. उन्हात छत्री मिटून चालणारा पहिला प्रवासी हाच असावा.

११ एप्रिल १९९१. छत्री उघडायचा हुकूम गेला. मोटारी सुरू झाल्या. तीन मिनिटांच्या आत काम व्हायला हवं होतं. आठ मिनिटं मोटारी झगडत राहिल्या आणि थांबल्या. पुढे काहीच नाही.

आता यानावर छत्रीचा फोटो काढणारा कुणी नव्हता. मग कळलं कसं? मोटारींनी वीज नेहमीपेक्षा जास्त ओढली, हे एक. दुसरं मला फार आवडतं. यान स्वतःभोवती फिरत होतं. फुगडी घालताना हात पसरले की गती मंदावते, तशी छत्री पूर्ण पसरली असती तर यानाची फिरकी ठरलेल्या मापानं मंदावली असती. ती तेवढी मंदावली नाही. एवढ्यावरून पासाडेनात बसलेल्या माणसांनी ओळखलं, की एका बाजूच्या दोन-तीन काड्या खांबाला चिकटल्यात आणि छत्री अर्धवट, वाकडी उघडली आहे. जोडीचा दुसरा अँटेना घेऊन त्यांनी इथे तसंच करून पाहिलं, आकडे जुळवले. बाकीच्या वाकड्या झाल्या तिच्यापायी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बिडीचा वास आला, खरं सांगतो.

मग उपाय सुरू झाले. यान सूर्याकडे वळवून खांब तापवायचा, मग सावलीत नेऊन गारठवायचा, म्हणजे खांब थोडा लांबेल, थोडा आखडेल आणि पिन सरकेल. लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं की आपण गरम पाण्याखाली धरतो, तेच. झालं नाही. मोटारींना झटके द्यायचे, चालू-बंद, चालू-बंद. किती वेळा? तेरा हजारांहून अधिक. तेरा हजार झटके! झालं नाही. यान नेहमीपेक्षा तिप्पट वेगानं गरगरा फिरवून पाहिलं. तरीही नाही. १९९३ साली त्यांनी छत्रीचा नाद सोडला.

उरला कोण, तर एक लहानसा अँटेना, जवळपासच्या बोलण्यापुरता ठेवलेला. फरक ऐका. मोठ्या छत्रीतून सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट येणार होते. बिट म्हणजे एक ‘हो’ किंवा एक ‘नाही’. लहान अँटेनातून गुरूपासून किती येणार? सेकंदाला दहा-सोळा. लाखाच्या जागी दहा! गॅलिलिओच्या कॅमेऱ्याचं एक चित्र म्हणजे ५१ लाख बिट. मोठ्या छत्रीतून ते चाळीस सेकंदांच्या आत आलं असतं. दहा बिटांनी यायला सहा दिवस. एक चित्र, सहा दिवस. आणि आमचे एक स्नेही रोज पहाटे साडेपाचला मला कमळाच्या फुलाचं शुभ सकाळ पाठवतात. त्यांना एकदा गुरूवर बसवून लहान अँटेना हातात द्यावा असं मनात येतं. फुलं आपोआप कमी होतील.

पण त्या मंडळींनी काय केलं पाहा. यान अजून वाटेतच होतं, हाताशी वेळ होता. त्यांनी यानाच्या संगणकासाठी नवी आज्ञावली लिहिली आणि ती उडत्या यानात भरली. चित्र पाठवण्याआधी यानानंच ते आवळायचं. काळं आकाश, एकसारखा राखाडी पट्टा, हे ठिपक्या-ठिपक्यानं सांगत बसायचं नाही, ‘इथून इथवर काळं’ म्हणून मोकळं व्हायचं. दहा शब्दांचं काम एका शब्दात. हे मला कधी जमलं नाही, आमचे निर्माते काचेपलीकडून मान डोलावताहेत. इकडे पृथ्वीवर कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातल्या मोठमोठ्या अँटेनांनी मिळून एकच क्षीण आवाज ऐकायचा. दहा बिटांचे १६० झाले, त्यात चित्र दहापट आवळलेलं. सहा दिवसांचं काम तासाभरावर आलं.

या साऱ्याचा रांजण म्हणजे यानावरचा टेपरेकॉर्डर. गुरूच्या एखाद्या चंद्राजवळून जाताना धो-धो भरून घ्यायचं आणि मग कित्येक आठवडे थेंब-थेंब घरी पाठवायचं. म्हणजे मोहीम उभी त्या टेपवर. आणि ११ ऑक्टोबर १९९५ ला, गुरू दोन महिन्यांवर आला असताना, टेपच अडकली.

श्रोतेहो, मी स्पूलच्या टेपा वापरलेला माणूस आहे. ब्लेडनं तिरकी कापायची, चिकटपट्टीनं जोडायची, नखानं दाबायची. टेप गुंडाळताना अडली आणि चाक मात्र फिरत राहिलं, की पोटात कसा गोळा येतो ते मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी ज्यांनी कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून टेप आवळली आहे, त्यांनाही ठाऊक असेल. इथे पेन्सिल घालायला कोण जाणार? चाक कित्येक तास जागच्या जागी घासत राहिलं होतं, टेप तिथे कमकुवत झाली असणार. नऊ दिवसांनी त्यांनी जपून चालवून पाहिली. हलली! मग त्यांनी त्या कमकुवत जागेवर टेपचे पंचवीस जादा वेढे गुंडाळले आणि ठरवलं, हा भाग पुन्हा कधी उलगडायचा नाही. पंचवीस वेढे. आपण फाटक्या पानावर पुठ्ठा घालतो, तसं. त्या धास्तीपायी ७ डिसेंबरला आयो या ज्वालामुखींच्या चंद्राच्या हजार किलोमीटरच्या आतून जाताना त्यांनी एकही चित्र घेतलं नाही. टेप राखून ठेवली ती यानानं सोबत नेलेल्या, त्याच दिवशी गुरूच्या ढगांत शिरणाऱ्या कुपीसाठी. ही कुपी तेलाची नव्हे, मोजमापाच्या उपकरणांची. कुपीची माहिती पुन्हा मिळणार नव्हती.

निर्मात्यांनी तीन बोटं दाखवली आहेत, म्हणजे मिनिटं तीन. हाती काय लागलं ते पटापट सांगतो. कुपी सेकंदाला ४७ किलोमीटर वेगानं गुरूच्या वातावरणात शिरली आणि तासाभरापेक्षा थोडा कमी वेळ बोलत राहिली. वाटेत इडा या लघुग्रहाला स्वतःचा इटुकला चंद्र सापडला, लघुग्रहाचा असा चंद्र पहिल्यांदाच दिसला. १९९४ च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, ते पृथ्वीवरून थेट दिसत नव्हते, गॅलिलिओला दिसले. गॅनिमीड चंद्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे हे कळलं. आणि युरोपा! त्या चंद्राच्या बर्फाखाली खारट पाण्याचा समुद्र असावा, याचा भक्कम पुरावा गॅलिलिओच्या चुंबकमापकानं दिला. गुरूचं क्षेत्र पालटलं की युरोपाभोवतीचं पालटतं, जणू आत वीज वाहून नेणारं काही आहे, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं. चुंबकमापकाची माहिती आकड्यांची असते, चित्रांची नाही, तिला फार बिट लागत नाहीत. म्हणजे सगळ्यात मोठी गोष्ट लहान अँटेनातून आरामात आली. तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘मोहीम फसली’ असे मथळे घाईनं देऊ नयेत, हे माझं जुनं म्हणणं आहे.

आणखी एक, मग थांबतो. एप्रिल २०२३ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेचं ज्यूस यान गुरूकडे निघालं. त्याचा सोळा मीटर लांबीचा रडार अँटेना उघडेना. कारण? एक पिन अडकलेली! यान हलवलं, सूर्याकडे करून तापवलं, आणि मे महिन्यात शेजारच्या एका कळीचा धक्का दिल्यावर पिन सुटली. तेरा हजार झटके नाहीत, महिन्याभरात काम. ती बातमी मी घरी वाचून दाखवली. सगळे उठून चहा टाकायला गेले.

गॅलिलिओ गुरूभोवती जवळपास आठ वर्षं फिरलं. इंधन संपत आलं तेव्हा प्रश्न आला, भरकटून ते युरोपावर आपटलं आणि पृथ्वीवरचे जंतू त्या समुद्रात गेले तर? म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी त्याला मुद्दाम गुरूच्या ढगांत सोडलं. कॅमेरा, टेप, तिच्यावरचे ते पंचवीस वेढे, आणि छत्री. खांबाला धरून बसलेल्या दोन-तीन काड्या तेव्हाही सुटलेल्या नव्हत्या.

वेळ झाली. नमस्कार.