कलमी लस, रायवळ जंतू

श्रोतेहो, नमस्कार. पावसानं उघडीप दिली की चिरेखाणीत पाणी साचून राहतं आणि आमच्या आरोग्य केंद्रात तापाची माणसं यायला लागतात. बोट टोचून घेतलेला थेंब काचपट्टीवर रंगवून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरते. अंगठीसारखी नाजूक कडी, मधेच केळ्यासारखा वाकलेला एखादा जंतू, म्हणजे फाल्सिपेरम, मलेरियाच्या जंतूची एक जात. व्हायव्हॅक्स ही दुसरी जात असेल तर लाल पेशीच फुगलेली दिसते. एवढं मला ओळखता येतं. पण दोन फाल्सिपेरम आतून किती वेगळे, ते डोळ्याला दिसत नाही, आणि लशीचं घोडं तिथंच पेंड खातं.

आपल्या बागेतलंच बघा ना. हापूसच्या एका झाडावरून बांधलेली सगळी कलमं तोच आंबा देतात. रायवळ मात्र कोयीतून उगवतो, शेजारशेजारच्या दोन झाडांची चव जुळेल तर शपथ! मलेरियाचा जंतू हा असा रायवळ. डासानं दोन वाणांचे जंतू एकदम शोषले की त्याच्या पोटात नरमादीचा संकर होतो आणि पुढची पिढी वेगळीच निघते.

लस मात्र कलमी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये शिफारस केलेली आरटीएस,एस आणि २०२३ मधली, आपल्या पुण्यात बनणारी आर२१, दोन्ही फाल्सिपेरमच्या एकाच वाणाच्या एका प्रथिनावर बेतलेल्या. आफ्रिकेत आरटीएस,एस घेतलेल्या मुलांच्या रक्तातले जंतू तपासले, तेव्हा पहिल्या वर्षी लशीशी जुळणाऱ्या वाणापासून सुमारे ५० टक्के संरक्षण दिसलं, न जुळणाऱ्यांपासून ३३. मालीत दुसऱ्याच एका प्रथिनाची लस दिली होती. जुळणाऱ्या वाणावर ६४ टक्के, पण एकूण तापावर जेमतेम १७! म्हणून लस फुकट गेली असं मी म्हणणार नाही. अर्धी मुलं वाचली तरी आईला ते अर्धं नसतं.

आता शोध चाललाय तो जंतूला बदलणं परवडणार नाही अशा भागाचा. आरएच५ नावाचं प्रथिन त्यातलं. लाल पेशीत शिरायला जंतूला ते लागतंच, त्यामुळे ते वाणावाणांत फारसं बदलत नाही. त्याच्या लशीच्या चाचण्या सुरू आहेत.

व्हायव्हॅक्सवर मात्र अजून एकही मान्यताप्राप्त लस नाही. त्याच्या रुग्णाला आम्ही चौदा दिवसांच्या गोळ्या देतो, आणि ताप उतरला की पाचव्या दिवशी तो गोळ्या सोडून होडीवर जातो.