फेलोशिप उन्हाळ्याची नको, वर्षाची हवी

अमेरिकेतील नगर-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठांतून मिळणाऱ्या फेलोशिपविषयी बोलायचे मी कबूल केले आहे. परंतु ज्या नगर-व्यवस्थापकाच्या पदासाठी हे विद्यार्थी तयार होतात ते पद कोणत्या गरजेतून उभे राहिले, हे सांगितल्याशिवाय त्या पैशांकडे वळणे मला योग्य वाटत नाही.

मार्च १९१३ मध्ये ओहायो राज्यातले डेटन शहर ग्रेट मायामी नदीच्या पुरात बुडाले. कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कारखान्याचे मालक जॉन पॅटरसन यांनी कामगारांकडून होड्या बांधून घेतल्या आणि बेघर झालेल्यांना कारखान्यात आसरा दिला. शहराचा कारभार पक्षीय राजकारणापासून दूर, जाणकारांच्या हाती असावा, असे पॅटरसन १८९६ पासून सांगत आले होते. पुरानंतर लोकांना ते पटले. त्याच वर्षी मतदारांनी नवी सनद, म्हणजे शहराच्या कारभाराची मूळ नियमावली, मंजूर केली. धोरण निवडून आलेल्यांनी ठरवायचे आणि कारभार त्यांनी नेमलेल्या व्यवस्थापकाने पाहायचा, ही तिची मांडणी. (व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनने १९०८ मध्ये आणि साउथ कॅरोलिनातल्या समटरने १९१२ मध्ये ही वाट धरली होती, पण ती गावे लहान होती.) मग माणसाचा शोध सुरू झाला. डेटनने थेट पनामा कालव्याचे बांधकाम पाहणारे अभियंते जॉर्ज गोथल्स यांना विचारले. त्यांनी नकार दिल्यावर सिनसिनाटीचे अभियंते हेन्री वेट यांनी जानेवारी १९१४ मध्ये सूत्रे हाती घेतली. वेट यांची योग्यता निर्विवाद होती, तरीही एका शहराला आपला कारभारी कालवे बांधणाऱ्यांत शोधावा लागला, ही गोष्ट मला आजही फार बोलकी वाटते.

तयार व्यवस्थापकांची ही उणीव विद्यापीठांनी भरून काढली. सिरॅक्यूज विद्यापीठाची लोकप्रशासन शिकवणारी मॅक्सवेल संस्था १९२४ मध्ये सुरू झाली, आणि कॅन्सस विद्यापीठाने १९४८ पासून वर्गातील अभ्यासाला नगरपालिकेतील दीर्घ, सवेतन उमेदवारीची जोड दिली.

वेळ संपत आला आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. केवळ उन्हाळ्यापुरती दिलेली फेलोशिप अपुरी असते. अनेक अमेरिकी शहरांचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, त्यामुळे विभागांच्या मागण्या, त्यांतली काटछाट, जनसुनावणी आणि निवडून आलेल्यांच्या नगर परिषदेतली घासाघीस हे सारे हिवाळ्यापासून वसंतापर्यंत उरकते. जूनमध्ये येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती तयार अंदाजपत्रक पडते. परिषद व्यवस्थापकाला पदावरून दूर करू शकते, हे ठाऊक असतानाही नकोसा आकडा तिच्यापुढे कसा ठेवायचा, हे त्याला पाहायलाच मिळत नाही. शिवाय विनावेतन उमेदवारी ज्याला परवडते तोच या क्षेत्रात टिकणार असेल, तर निवड गुणांवर होत नाही. म्हणून विद्यापीठांनी फेलोशिपची संख्या कमी करावी लागली तरी ती पूर्ण वर्षाची आणि राहण्याखाण्याचा खर्च निघेल इतकी द्यावी, आणि तिचा काही भाग अशा लहान गावांसाठी राखून ठेवावा, जिथे व्यवस्थापकाच्या हाताखाली स्वतंत्र सहायक नसतो आणि म्हणून शिकाऊ उमेदवाराला पहिल्याच महिन्यात पाणीपट्टीच्या दरांपासून रस्तेदुरुस्तीच्या निविदांपर्यंत सगळे हाताळावे लागते.