डाळीच्या डब्यातला हिशेब

मंडळी, लग्न जमवताना आपण काय काय विचारतो! मुलाचा पगार, शेती, घर स्वतःचं की भाड्याचं, अंगावर कर्ज आहे का. सोलापुरात तर ही चौकशी मराठीत होते, कन्नडमध्ये होते आणि तेलुगूतही होते. अक्षता पडल्या की पुढची तीस वर्षं नवरा-बायकोत पैशाचं बोलणं होतं ते एवढंच : "अहो, भाजीला पैसे द्या." "परवा दिले होते ते?"

माझं म्हणणं असं, की घरात पैशाबद्दल मोकळं बोललं पाहिजे, आणि मुलांदेखत बोललं पाहिजे.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि घराघरांत डबे उघडले गेले. माझ्या ओळखीच्या एका घरात बाईंनी तूरडाळीचा डबा परातीत उपडा केला. डाळीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा पडल्या. नवरा बघतच राहिला. "एवढे कुठून आले?" त्या म्हणाल्या, "तुमच्याच पगारातून." गंमत म्हणजे त्याच रात्री नवऱ्याचंही एक प्रकरण बाहेर आलं. मित्राला उसने दिलेले पैसे, तीन वर्षांपूर्वीचे, बायकोला न सांगता दिलेले. दोघं पहाटेपर्यंत हिशेब करत बसले. एरवी मुलांच्या फीवरून भांडणारी ही माणसं त्या रात्री हसत होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या डब्याला मी चोरी म्हणणार नाही. बाईला घरात पैसे लपवावे लागतात, कारण मागितले की कारण सांगावं लागतं. आणि साठवण्याची अक्कल तिला कोणी शिकवायची? आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर आयांनी मुलं शिकवली. भिशी घ्या. बारा जणी, महिना दोन हजार, म्हणजे दरमहा चोवीस हजारांची चिठ्ठी निघते. व्याज शून्य. पण एखादीच्या घरी बाळंतपण आलं तर जिची चिठ्ठी निघाली ती आपला नंबर तिला देते. असं कुठली बँक करेल? हप्ता चुकत नाही, कारण चुकला तर संध्याकाळी सगळ्या जणी दारात येतात, आणि चहा आपल्यालाच करावा लागतो! लिलावाच्या भिशीपासून मात्र लांब राहा. तिथे अडलेला माणूस कमी रकमेत भिशी उचलतो आणि त्याच्या अडचणीवर बाकीचे कमावतात.

एक गोष्ट घाईत सांगतो, पण घरी गेल्या गेल्या बघा : बँकेत नॉमिनी कोण लावलाय ते. लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी कित्येकांच्या खात्याला अजून आईचं नाव असतं. नॉमिनीला पैसे मिळतात ते सांभाळायला, खरे मालक कायदेशीर वारस. हे नवरा-बायको दोघांनाही माहीत हवं.

आता मुलं. त्यांना हिशेब शिकवायला आपल्याकडे गड्डा आहे, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा होतो आणि होम मैदानावर पाळणे फिरू लागतात. आपल्या खिशातून पैसे जात असले की मुलाला पाळणा हवा, भजी हवीत, रिमोटची गाडी हवी. एकदा तीनशे रुपये त्याच्या हातात द्या आणि दोन पावलं मागे राहा. तो एका पाळण्याचा दर विचारतो, मग दुसऱ्याचा. नोटा मोजतो, मूठ बंद करतो, पुन्हा उघडतो. मग धाकट्या बहिणीला म्हणतो, "तू बस, मी खालून बघतो." हे शहाणपण रागवून येत नाही.

कधी तो पहिल्या दहा मिनिटांत सगळे पैसे बंदुकीवर उडवेल. उडवू द्या. वरून पैसे देऊ नका. सगळ्यात अवघड काम आजोबांना आवरण्याचं, कारण त्यांचा हात तोवर खिशात गेलेला असतो. दहा वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँकेत उघडता येतं, तेही उघडा. आणि पगारवाढ झाली नसेल तर तेही सांगा त्याला. मुलं घाबरत नाहीत. कुजबूज ऐकली की घाबरतात.

समोरून चिठ्ठी आली आहे : "सुनेचा पगार कोणाच्या खात्यात जमा व्हावा?" ताई, सुनेच्या. घरखर्चाला कोणी किती द्यायचे ते एकत्र बसून ठरवा, मुलाचा पगारही त्याच बैठकीत मांडा. सासऱ्यांची पेन्शनसुद्धा. हं, पुढची चिठ्ठी द्या.