परवानगी मागायची तरी किती?

(मोर्शी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अध्यक्ष महाराज, गुरुजन, आणि मागच्या बाकावर मॅच पाहून राहिलेले मित्र, आवाज बंद ठेवा, स्कोअर मात्र सांगत जा. विषय दिला आहे ‘ब्राउझर एक्स्टेंशन एकट्यानं कसं बनवावं’. एक्स्टेंशन म्हणजे क्रोम-फायरफॉक्ससारख्या ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, हे पोट्ट्यांना ठाऊक आहे. बाकीचं मोठ्यांनी घरी गेल्यावर त्यांना विचारावं, तेवढंच बोलणं होईल.

मी कृतिदेव या टायपिंगच्या जुन्या फॉन्टपासून सुरू करतो. आपल्याकडचा अर्ज लिहिणारा अजून कृतिदेवमध्येच टाइप करतो. बोटं बसलीत त्याची. कागदावर छापलं की झकास मराठी. पण तोच मजकूर ऑनलाइन फॉर्ममध्ये चिकटवला की ‘मराठी’च्या जागी ई, जे, के, मोठा बी, एच अशी इंग्रजी अक्षरं. कारण आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, वर फक्त फॉन्टचा मुखवटा.

एका सेवा केंद्रात माझ्यापुढे एक काका उभे होते, वारस नोंदीचा अर्ज घेऊन. स्क्रीनकडे पाहून म्हणाले, “काहून बाप्पा, हे इंग्रजीत काहून दिसून राह्यलं?” ऑपरेटर सराईत. त्यानं फॉन्ट बदलून देणारी कुठलीतरी वेबसाइट उघडली आणि अख्खा अर्ज त्यात ओतला. काकांचं नाव, गट नंबर, आधार नंबर, धाकट्या भावानं धुऱ्यावरून काढलेली भांडणं, सगळं. बटण दाबलं, मराठी आली, काका खूश.

मी मात्र तिथंच अडकलो. अशा काही वेबसाइट मजकूर तुमच्याच ब्राउझरमध्ये बदलतात, काही तो आपल्या सर्व्हरवर नेतात. रांगेतल्या माणसाला कसं कळावं? मी ऑपरेटरला म्हटलं, पान उघडल्यावर नेट बंद कर, मग बटण दाब. तो म्हणाला, “दादा, आपल्याकडे नेट बंद करा लागत नाही, थे आपल्या मनानंच बंद होते.” (हशा.) आणि नेटशिवाय चाललं म्हणजे नेट आल्यावर काही धाडत नाही, असंही नाही.

म्हणून मी फॉन्ट बदलून देणारं एक एक्स्टेंशन लिहिलं. एक चौकोन, त्यात कृतिदेव चिकटवा, खाली युनिकोड, म्हणजे आतूनही मराठीच असलेली अक्षरं. गंमत वेलांटी आणि रफाराची आहे. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. ‘कि’साठी वेलांटी उचलून ‘क’च्या मागे न्यायची, हे सोपं. पण ‘स्थि’ आलं की ती अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. माझा बहुतेक वेळ या उचलठेवीत गेला. गुरुजी हसताहेत, त्यांनी अशीच वर्षं घालवली आहेत.

पुढे एक मेल आला. एक्स्टेंशन विकत घेतो, भाव वापरणाऱ्यांच्या संख्येवर. संत्र्याचा व्यापारी बागेत शिरून झाडावरची फळं अंदाजतो, तसा. फळं म्हणजे तुम्ही. विकलं असतं तर? एक्स्टेंशन आपोआप अपडेट होतात, मालक बदलला तरी. ‘द ग्रेट सस्पेंडर’चं असंच झालं. वापरात नसलेल्या टॅब झोपवणारं साधं एक्स्टेंशन, लाखो लोक वापरत. 2020मध्ये मूळ लेखकानं ते विकलं, 2021च्या फेब्रुवारीत गूगलनं घातक म्हणून काढून टाकलं. विकत घेणाऱ्याला टॅब झोपवण्यात रस नव्हता. लोकांनी एक्स्टेंशनला आधीच देऊन ठेवलेल्या परवानग्या, म्हणजे त्यांची पानं वाचायची-बदलायची मुभा, त्याला आयत्या मिळाल्या.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटं, आणि लाइट जायची वेळ झाली. तर मूळ विषय, पटपट.

मॅनिफेस्ट नावाची एक फाइल असते, परवानग्या तिच्यात मागायच्या. माझ्या चौकोनाला एकही लागत नाही, कारण मजकूर माणूस स्वतः चिकटवतो. पानावरचा मजकूर जागीच बदलायचा असेल तर ‘अ‍ॅक्टिव्ह टॅब’ मागा: वापरणाऱ्यानं बटण दाबलं की फक्त त्या टॅबपुरता प्रवेश. ‘सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी फॉन्ट बदलणाऱ्यानं मागितली तर त्याला दारातूनच परत पाठवा. मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीत बाहेरून कोड आणून चालवायला मनाई आहे, ते आपल्या फायद्याचं. सगळा कोड एक्स्टेंशनच्या पाकिटातच द्या, म्हणजे कुणालाही उघडून वाचता येतं. सेटिंग ब्राउझरमध्येच साठवा. सर्व्हर ठेवू नका. कोण किती वापरतं ते मोजूही नका. तुमच्याकडे यादीच नसेल तर चोरीला काय जाणार? आणि काम एकच ठेवा. दुसरं सुचलं तर दुसरं एक्स्टेंशन लिहा, नाहीतर परवानग्या वाढत जातात.

खर्च? क्रोमच्या स्टोअरची नोंदणी एकदाच, 5 डॉलर. फायरफॉक्सला तेही नाही. कमाईचं विचारणार, माहीत आहे. यातून घर चालत नाही. माझं दुसऱ्यांच्या वेबसाइट बनवून चालतं.

आता प्रश्न विचारा. आधारला मोबाईल जोडण्याचा सोडून.