केसांत राहिलेली वाट

मंडळी, दक्षिण अमेरिकेतल्या इंकांचा परलोक म्हटलं की वर हानान पाचा, मध्ये काय पाचा, खाली उकु पाचा अशी तीन मजल्यांची मांडणी सांगून आपण मोकळे होतो. त्या मांडणीत स्पॅनिश पाद्र्यांचे स्वर्ग-नरक किती मिसळलेत, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला त्या मजल्यांपेक्षा तिथवरची वाट जास्त ओढून घेते. पेरूत मूर्तिपूजा मोडून काढायला निघालेल्या आरियागा या जेझुइट पंथाच्या कॅथलिक पाद्र्याने १६२१ साली ती नोंदवली आहे. मेलेला माणूस उपामार्का नावाच्या मुक्यांच्या देशी जातो. वाटेत मोठी नदी लागते, तिच्यावर केसांचा अरुंद पूल. कुणी म्हणत, काळी कुत्री पलीकडे नेतात. वैतरणी आणि गाईचं शेपूट ऐकत वाढलेल्यांना हे फोड करून सांगायला नको.

काही मुलांची वाट मात्र वेगळी होती, आणि ती जिवंतपणीच सुरू व्हायची. कापाकोचा या बळीच्या विधीसाठी निवडलेली मुलं इंकांच्या राजधानीला, कुस्कोला न्यायची, आणि मग डोंगराकडे. त्यांनी देवांजवळ राहायचं होतं.

१९९९ साली अर्जेंटिना-चिलीच्या सीमेवर, युयाइयाको ज्वालामुखीच्या ६,७३९ मीटर उंचीच्या माथ्याजवळ अशी तीन मुलं सापडली. एक मुलगी तेराएक वर्षांची, बाकी दोघं चार-पाच वर्षांची. थंडीने सगळं जसंच्या तसं राखलेलं. थोरलीच्या दातांत कोकाच्या, म्हणजे तरतरीसाठी चघळतात त्या पानांचा चोथा तसाच होता. तिचे केस तपासले तेव्हा कळलं, की मरणाच्या वर्षभर आधी तिचं ताट बदललं. मका आणि मांस वाढलं. कोकाही वाढला. शेवटच्या काही आठवड्यांत तर चिचा, म्हणजे मक्याची दारू, भरपूर पोटात गेली. देवाघरी जायची तयारी म्हणा, भीती बोथट करणं म्हणा. मला दुसरंच वाटतं. धाकट्या मुलाला तर दोरीने आवळून बांधलेलं होतं.

चिलीत सान्तियागोजवळच्या एल प्लोमो शिखरावर १९५४ साली सापडलेल्या आठेक वर्षांच्या मुलाजवळ लहान पिशव्या होत्या. त्यांत त्याचेच दुधाचे दात, कापलेली नखं, केस. म्हणजे पडलेला दात कुणीतरी जपून ठेवला होता! आईनेच, असं आपलं मन लगेच म्हणतं. पुराव्यात आई कुठेच नाही.

नावानिशी एकच मुलगी आपल्याला नीट भेटते: पेरूतल्या ओक्रोस गावची तान्ता कार्वा, वय दहाच्या आसपास. कुस्कोचा सोहळा झाला, परत आणून तिला गावाजवळच्या डोंगरात जिवंत पुरलं. बाप काके पोमा त्या बदल्यात कुराका, म्हणजे मुखिया झाला. पुढे आजारपणात, अडीअडचणीत गाव तिला कौल लावायचं आणि ती उत्तर द्यायची. बोलायचे अर्थात तिचे धाकटे भाऊ.